जुने मित्र, जुना चित्रपट

वाचकहो, घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. त्यांना भेटायला त्यांचा मित्र शेवटचा कधी आला होता? साखर शेवटची कधी तपासली, रक्तदाबाची गोळी केव्हा बदलली, चष्म्याचा नंबर किती वाढला, हे आपण तारखेनिशी सांगू शकतो. त्याची फाइल असते. मित्राच्या येण्याजाण्याची नोंद मात्र कोणत्याच फाइलीत सापडत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न मला पडला तेव्हा फार उशीर झाला होता. माझे सासरे, ज्यांना सारे घर अण्णा म्हणते, आज ७८ वर्षांचे आहेत. जन्म सोलापूरचा, शिक्षण सोलापूरचे, नोकरीही सोलापुरातच. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या विसराळूपणाला डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश हे नाव दिले. भारतातील ६० वर्षांवरील लोकसंख्येत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसे, असा अंदाज देशव्यापी पाहणीवरून २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. आकडा वाचताना तो इतरांचा वाटतो. घरातले माणूस दर दहा मिनिटांनी ‘गाडी किती वाजता आहे?’ असे विचारू लागले, की तो आपला होतो.

अण्णांचे तीन जिवलग मित्र. एक निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. दुसरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर काम केलेले. मिल बंद पडून कितीतरी वर्षे लोटली तरी ते मिलवाले काकाच राहिले. तिसरे पोस्टवाले काका. चाळीस वर्षे या चौघांची संध्याकाळची बैठक चुकली नव्हती. मग एके दिवशी अण्णांनी पोस्टवाल्या काकांना दारातच अत्यंत अदबीने विचारले, “आपण कोण?” काका हसले, चहा घेतला, निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत. त्यांच्यामागोमाग उरलेले दोघेही येईनासे झाले. राग कोणालाच नव्हता. समोर बसून काय बोलावे हे त्यांना कळेना, एवढेच. आम्हीही बोलावले नाही. आम्हाला संकोच वाटत होता. दीड वर्ष असे गेले.

पुढे मिलवाल्या काकांच्या नातवाने एका रविवारी सकाळी आमच्या टीव्हीला आपला मोबाइल जोडून दिला आणि पडद्यावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ सुरू झाला. त्या दिवसापासून घडत गेलेली हकीकत आपणांस सांगावी, म्हणून हा लेख. अण्णांचा आजार बरा झाला असे मी कुठेही लिहिणार नाही, कारण तसे झालेले नाही.

गावचा डॉक्टर, गावचा शाहीर

त्या पहिल्या चित्रपटाची निवड मिलवाल्या काकांची आणि ती अगदी सोलापुरी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून काँग्रेसने पाच भारतीय डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात ते होते. चौघे परतले. कोटणीस तेथेच राहिले, तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या ३२व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी त्यांचे निधन झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि त्यावरून व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. दिग्दर्शन त्यांचे, कोटणिसांची भूमिकाही त्यांचीच; पत्नीच्या भूमिकेत जयश्री, संगीत वसंत देसाई यांचे.

हे सगळे मला नंतर समजले. त्या सकाळी मी पाहत होते ते चौघांना. चौघेही एका रांगेत, पडद्याकडे तोंड करून बसले होते. कोणालाच कोणाकडे पाहावे लागत नव्हते. अण्णांना नाव आठवते का, ओळख पटते का, याची परीक्षा घेणारी नजर खोलीत नव्हती. दीड वर्षात प्रथमच पोस्टवाले काका सैल बसलेले दिसले. चित्रपट चालू असताना गप्प राहणे हा शिष्टाचार आहे; तेथे अण्णांचे मौन कोणाला खुपले नाही.

वाचकहो, वृद्ध मित्रांची भेट म्हणजे समोरासमोर खुर्च्या, मध्ये टीपॉय आणि ‘काय म्हणते तब्येत?’ ही आपली कल्पना. आजारी माणसासाठी ही रचना फार कठीण असते. प्रश्न विचारला जातो, उत्तर जुळवावे लागते, जुळत नाही आणि दोन्ही बाजू ओशाळतात. शेजारी शेजारी बसून एकाच गोष्टीकडे पाहिले, की हा ताण निघून जातो. क्रिकेटचा सामना, भजन, पत्त्यांचा डाव हेही तेच काम करतात. पण पत्त्यांत चूक केली की डाव मोडतो. चित्रपटात चुकायला जागाच नाही.

चित्रपट संपला आणि वाद सुरू झाला. हा चित्रपट आपण पहिल्यांदा कुठे पाहिला? गुरुजी म्हणाले शाळेने दाखवला, मैदानात पडदा लावून. मिलवाले काका म्हणाले, छे, टॉकीजमध्ये, तिकीट काढून. पोस्टवाल्या काकांच्या मते दोघेही थापा मारत होते. अण्णा बराच वेळ ऐकत राहिले आणि एकाएकी म्हणाले, “सतरंजी घरून न्यावी लागली होती.” क्षणभर सगळे थांबले. मग गुरुजींनी मांडीवर थाप मारली, “बरोबर बे! सतरंजी! म्हणजे मैदानच!”

सकाळी नाश्ता केला की नाही हे ज्यांना सांगता येत नाही, त्यांनी साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या वादाचा निकाल लावला.

पुढच्या महिन्यात ‘लोकशाहीर राम जोशी’ पाहिला. पेशवाईतील हा शाहीर मूळचा सोलापूरचा, म्हणून गुरुजींचा आग्रह. राजकमलचा हा चित्रपट १९४७ चा. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर. चर्चा चित्रपटापेक्षा सोलापूरच्या थोरवीवरच अधिक झाली. अभिनेत्री शशिकला यांचा जन्मही इथलाच, हे पोस्टवाल्या काकांनी तीनदा सांगितले. तीनही वेळा अण्णांनी ते नव्यानेच ऐकल्यासारखे ऐकले आणि तीनही वेळा त्यांना तितकाच आनंद झाला. या आजारात अशीही एक सोय आहे, असे काका नंतर मला हळूच म्हणाले. मला ते तेव्हा रुचले नाही. आता वाटते, मित्रच असे बोलू शकतो.

तारुण्याच्या आठवणी टिकतात त्या का

माणसाला उतारवयात कोणत्या काळातील आठवणी अधिक येतात, याचा मानसशास्त्रज्ञांनी बराच अभ्यास केला आहे. साधारण वयाच्या १० ते ३० वर्षांतील आठवणी इतर काळापेक्षा ठळकपणे वर येतात असे त्यांना आढळले. पहिली नोकरी, लग्न, पहिले मूल, स्वतःच्या कमाईचे पहिले तिकीट, सारे याच काळातले. स्मृतिभ्रंशात नव्या गोष्टी मनात रुजणे आधी बंद पडते. जुने पुष्कळ काळ शाबूत राहते. म्हणून चित्रपट निवडताना हिशेब साधा ठेवावा: ज्यांच्यासाठी लावायचा ते विशी-पंचविशीत असताना कोणते चित्रपट चालत होते? आज ७५ ते ८० वर्षांच्या माणसासाठी हा काळ साधारण १९६५ ते १९७५ चा येतो. ‘साधी माणसं’, ‘सोंगाड्या’, ‘पिंजरा’, ‘सामना’, ‘शोले’. आपल्याला जो ‘जुना’ वाटतो तो कदाचित आपल्याच कॉलेजच्या दिवसांतला असतो. माझ्या पतींनी हौसेने ‘अशी ही बनवाबनवी’ लावला होता. तो १९८८ चा. आम्ही खुर्चीत मावेनासे हसलो. चौघे म्हातारे सौजन्याने बसून राहिले.

शिवाय चित्रपट म्हणजे केवळ पडद्यावरचे चित्र नव्हे. सोलापुरात तो मिलच्या भोंग्याशी बांधलेला होता. पाळी सुटली की डबा घेऊन थेट तिकिटाच्या रांगेत उभे राहणारे कामगार मिलवाल्या काकांनी वर्णन केले, तेव्हा सुताचा वास आणि घामाचे कपडे खोलीत आल्यासारखे वाटले. भागवत टॉकीजचे नाव निघताच रांगेतली ढकलाढकली, काळ्याबाजारातली तिकिटे, मध्यंतरातला वडा असे एकामागून एक येत राहते. मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारे या गावात एकाच अंधारात बसून हिंदी चित्रपट पाहत. माझी सूचना अशी, की चित्रपटाची कथा विचारू नका. तिकिटाची रांग विचारा. कथा हरवलेली असते, रांग असते.

आठवणींचा हा उपयोग डॉक्टरांनाही नवा नाही. ‘म्हातारा मागचेच उगाळतो’ असे पूर्वी तुच्छतेने म्हटले जाई. १९६३ मध्ये रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी मांडले, की वृद्धापकाळी आयुष्याकडे वळून पाहणे ही मनाची स्वाभाविक आणि आवश्यक क्रिया आहे. पुढे त्यातून स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी स्मरणोपचाराची पद्धत विकसित झाली: जुनी छायाचित्रे, वस्तू, गाणी, चित्रपट समोर ठेवून गप्पा. तिचा फायदा किती? येथे अतिशयोक्ती टाळली पाहिजे. कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये २२ अभ्यास आणि १,९७२ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. मनःस्थिती, संवाद, जीवनाचा दर्जा यांत काही सुधारणा दिसू शकते, पण ती बहुधा लहान असते आणि सर्वत्र सारखी नसते, असा निष्कर्ष निघाला. गटात बसून केलेल्या उपक्रमांत संवाद सुधारल्याचे दिसले. जो कोणी ‘जुनी गाणी ऐकवा, स्मरणशक्ती परत आणा’ असे सांगेल, त्याच्याकडे सावधपणे पाहावे.

निरोगी ज्येष्ठांच्या बाबतीत एक इंग्लंडमधील अभ्यास बोलका आहे. डेझी फॅनकोर्ट आणि अँड्र्यू स्टेप्टो यांनी ५० वर्षांवरील २,१४८ व्यक्तींची दहा वर्षांची माहिती पाहिली. चित्रपट, नाटक, प्रदर्शन यांना महिन्यातून किमान एकदा जाणाऱ्यांत नैराश्य येण्याचे प्रमाण न जाणाऱ्यांपेक्षा ४८ टक्के कमी होते. काही महिन्यांतून एकदा जाणाऱ्यांत ३२ टक्के कमी. अर्थात ज्यांचे पाय, पैसा आणि मन ठीक असते तेच अधिक बाहेर पडतात, हेही ध्यानी घ्यावे. अभ्यासकांनी अशा गोष्टींचा हिशेब धरला असला तरी कार्यकारण त्यातून सिद्ध होत नाही. आणि तो अभ्यास घराबाहेर पडण्याचा आहे. दिवसभर एकट्याने टीव्हीपुढे बसणे त्यात मोडत नाही.

‘सामना’ची सकाळ

आमच्या रविवारांतील सर्वांत मोठा रविवार ‘सामना’चा. जब्बार पटेल दिग्दर्शित, विजय तेंडुलकर लिखित हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धेत होता. आपल्या पाक्षिकाच्या वाचकांना एक गंमत आवडेल: दिग्दर्शक बालरोगतज्ज्ञ आणि मास्तरांची भूमिका करणारे डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. जब्बार पटेल यांचे शालेय शिक्षण सोलापुरातले, म्हणून गुरुजी त्यांच्यावर जवळजवळ मालकी सांगतात.

सुरू होण्याआधी चौघांत एकमत होते, की चित्रपट रंगीत आहे. मिलवाल्या काकांना तर निळू फुल्यांच्या हिंदुराव पाटलाच्या गाडीचा रंगही आठवत होता. पडद्यावर आले ते कृष्णधवल. पहिली पाच मिनिटे टीव्ही बिघडला असल्याची तक्रार चालली. मग सगळे हसू लागले, आणि अण्णाही.

त्या हसण्याने मला पुष्कळ शिकवले. आपण समजतो की स्मृतिभ्रंश झालेला तेवढा चुकतो आणि बाकीच्यांच्या आठवणी म्हणजे सरकारी दप्तर. येथे तीन धडधाकट म्हातारे छातीठोकपणे चुकले होते. जुन्या चित्रपटावरच्या गप्पांत प्रत्येकाची स्मृती थोडी रंग भरते, थोडी गाळते. त्या गर्दीत अण्णांची चूक वेगळी उठून दिसत नाही. चौघांपैकी एक जण रोगी आणि तिघे पाहुणे, ही वाटणीच तेथे मोडते.

चित्रपटात लागूंचा मास्तर, दारूने खंगलेला, साखरसम्राटाच्या गावात येतो आणि मारुती कांबळे नावाच्या माणसाचे काय झाले, हा एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारत राहतो. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना हे गाव वेगळे समजावून सांगावे लागत नाही. चर्चा दुपारपर्यंत चालली. मास्तरला एवढी धिटाई आली कुठून, यावर गुरुजी आणि पोस्टवाले काका तावातावाने भांडले.

त्यानंतरच्या आठवड्यात अण्णांनी गाडीची वेळ विचारणे बरेच कमी केले. ते विचारू लागले, “त्या मारुतीचं काय झालं?” दिवसातून वीस वेळा. सासूबाई आधी वैतागल्या. मग त्यांनी युक्ती काढली: गुरुजींना फोन लावून अण्णांच्या हाती देणे. गाडीच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते, कारण गाडीच नव्हती. या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस मात्र जिवंत होता आणि फोनवर होता. “अरे तोच तर पिक्चर आहे बे, तेच तर शोधायचंय,” असे गुरुजी प्रत्येक वेळी सांगत, दोन मिनिटे बोलत आणि अण्णा शांत होत. दहा-बारा दिवसांनी गाडी परत आली. ती येणारच होती.

बैठकीची व्यवस्था

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. वेळ सकाळची ठेवावी. स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांचा गोंधळ आणि अस्वस्थता सायंकाळी वाढते. आमच्या गावी उन्हाळ्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा तर साडेआठला सुरू करून अकराच्या आत मित्रांना घरी पोचवणे बरे.

सर्वाधिक लक्ष द्यावे ते आवाजाकडे. वयोमानाने येणाऱ्या बहिरेपणात उंच पट्टीचे स्वर आधी जातात; स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात आणि बोलणे ऐकू येते पण कळत नाही. म्हणून टीव्हीचा आवाज वाढवून उपयोग होत नाही. गोंगाट तेवढा वाढतो. जुन्या चित्रपटांचे ध्वनिमुद्रण मुळात अंधुक, त्यात आजच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर मागच्या बाजूला. एक साधा छोटा स्पीकर घेऊन तो श्रोत्यांच्या जवळ ठेवल्यावर आमच्याकडे फार फरक पडला. पंखा-कूलरची घरघर हा दुसरा शत्रू. सोलापुरात पंखा बंद करा म्हणणे धाडसाचे आहे. निदान कूलर शेजारच्या खोलीत सरकवावा. अक्षरे चालत असतील तर ती लावावीत. कानात मळ साठला नाही ना, हे डॉक्टरांकडून पाहून घ्यावे, आणि श्रवणयंत्र कपाटात पडून असेल तर ते बाहेर काढण्यास हे उत्तम निमित्त आहे. लॅन्सेट नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके सांगितले, त्यांत बहिरेपणा, उपचार न केलेले दृष्टिदोष आणि एकाकीपणा हे तिन्ही आहेत. मित्रांची बैठक भरवताना आपण या तिन्हींकडे एकदम वळतो.

बसायला दिवाण नको. हात असलेल्या, पाय जमिनीला टेकतील अशा खुर्च्या हव्यात. पाऊण तासाने चित्रपट थांबवावा, म्हणजे उठणे, लघवीला जाणे, चार पावले चालणे होते. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उभे राहिल्यास भोवळ येते. आधी मिनिटभर खुर्चीतच पाय हलवून मग उठावे. खोलीत टॉकीजसारखा काळोख करू नये. टीव्हीमागे एक दिवा जळता असावा आणि जोडणीच्या वायरी पायवाटेत नसाव्यात.

खाणे फक्त मध्यंतरात. डोळे पडद्यावर आणि घास तोंडात, यात ठसका लागण्याचे भय असते. ज्यांना गिळण्यास त्रास होतो त्यांच्या बाबतीत ते मोठे संकट ठरते. कडक भाकरी आणि शेंगाचटणीशिवाय आमची मंडळी उठत नाहीत, म्हणून भाकरी दह्यात भिजवून आणि चटणीत मीठ कमी घालून देते. मिलवाल्या काकांना ही चटणी मुळीच पसंत नाही. मधुमेहींच्या गोळ्यांची आणि जेवणाची वेळ टळू देऊ नये, चित्रपट कितीही रंगलेला असो.

सुरुवात करताना मित्रांना आधी फोनवर स्पष्ट सांगावे: नाव आठवेलच असे नाही, तुम्ही आल्या आल्या स्वतःच सांगा. पोस्टवाल्या काकांनी यावर आपली तऱ्हा शोधली. दर रविवारी दारातून म्हणतात, “मी पोस्टातला. तुझे पन्नास रुपये देणं आहे.” अण्णा म्हणतात, “व्याज धर.” ओळख पटली की नाही, कोणास ठाऊक; व्याज मात्र दर वेळी आठवते.

आणि चर्चेत ‘आठवतं का?’ हा शब्दप्रयोग टाळावा. त्याचे उत्तर ‘नाही’ असले तर दार बंद होते. “मला तर त्या रांगेत चप्पल हरवल्याचं आठवतंय” असे आपलेच काही पुढे ठेवावे. ज्याला जोडायचे तो जोडतो. चूक दुरुस्त करू नये. ज्या चित्रपटात कोणी नव्हते त्यात ते होते असे अण्णांनी म्हटले तर काय बिघडते?

एक चूक

आमचीही एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. ‘श्यामची आई’ लावला होता. आचार्य अत्रे यांचा १९५३ चा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवणारा चित्रपट; घरात निषिद्ध वाटावे असे त्यात काय आहे? आईच्या मृत्यूच्या प्रसंगी चौघेही रडले. तिघांचे रडे ओसरले, अण्णांचे नाही. ते उठून घरभर स्वतःच्या आईला शोधू लागले. मी घाबरून बोलून गेले, “अण्णा, त्या जाऊन तीस वर्षं झाली.” त्यांनी ती बातमी त्या क्षणी प्रथम ऐकली. तो चेहरा मी विसरणार नाही.

अशा वेळी काय करावे हे मला नंतर डॉक्टरांनी समजावले. चित्रपट थांबवावा, शक्य तर खोली बदलावी, खरे-खोटे करत बसू नये. ‘आईची आठवण आली का? त्या काय करायच्या?’ असे विचारून दुःखाला बोलण्याची वाट द्यावी. आजार वाढत जातो तसे काहींना पडद्यावरील भांडण, आग, मारामारी खोलीतच घडते आहे असे वाटू लागते. तेव्हा असे चित्रपट बाजूला ठेवून गाण्यांचे तुकडे लावावेत. ज्यांची बुद्धी शाबूत आहे त्यांना मात्र रडण्यापासून वाचवण्याचे कारण नाही. गुरुजी त्या दिवशी म्हणाले, बायको गेल्यावर आज पहिल्यांदा रडलो.

या साऱ्यात एका व्यक्तीकडे आमचे लक्ष उशिरा गेले. सासूबाई. चोवीस तास सांभाळणाऱ्या त्या. पहिले काही रविवार त्या स्वयंपाकघरात चहाच करत होत्या. मग मिलवाले काकाच म्हणाले, “वहिनी, दोन तास आम्ही आहोत की. तुम्ही जाऊन या.” त्या सिद्धेश्वराला गेल्या, दर्शन घेतले आणि तलावाच्या काठी नुसत्या बसून राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात शेवंतीची वेणी होती, स्वतःसाठी घेतलेली. शुश्रूषा करणाऱ्यास अशी हक्काची सुट्टी मिळणे हेही औषध आहे. आपल्या घरी ती कोण देऊ शकेल, याचा विचार आपण जरूर करावा.

मध्यंतरी मी त्यांना विचारले, तुम्ही कोणता चित्रपट पाहिला होता टॉकीजमध्ये? त्यांनी बोटांवर मोजले. एका हाताची बोटे पुरली. चौघा पुरुषांकडे रांगा, शिट्ट्या, काळ्याबाजाराचे भाव अशा आठवणींचे भांडार. त्यांच्याकडे रेडिओवर ऐकलेली गाणी आणि न पाहिलेल्या चित्रपटांची यादी. १९६३ चा ‘मोलकरीण’ पाहायचा राहिला, म्हणाल्या. सुलोचनाबाईंचा. सगळ्या मैत्रिणी गेल्या होत्या, त्यांच्या घरी त्या दिवशी पाहुणे आले.

गेल्या रविवारी ‘पिंजरा’ ठरला होता. सासूबाईंनी भाकरी थापता थापता जाहीर केले की ‘मोलकरीण’ लावायचा, आणि गल्लीतल्या तीन बायकाही येणार आहेत. ‘श्यामची आई’चा प्रसंग ताजा असल्याने मी बिचकले, तो फार रडका आहे असे पोस्टवाले काकाही म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, अण्णांना गहिवरून आले तर मी त्यांना अंगणात घेऊन जाईन, तुम्ही बंद करू नका. खुर्च्या कमी पडल्या, दोन शेजारून आणल्या. मध्यंतरात अण्णांनी नव्या मंडळींकडे पाहून विचारले, “तिकिटं मिळाली का सगळ्यांना?”

मिळाली, असे सासूबाईंनी सांगितले, आणि मी पुन्हा सुरू केले.